ची साओ जमतं, पण समोरचा हातच देत नाही

प्रश्न: मी २७ वर्षांची आहे, अंगाने बारीक. दोन वर्षं नियमितपणे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकते आहे. सिउ निम ताउ आणि चुम किउ या पहिल्या दोन मालिका (हालचालींचे ठरलेले क्रम) झाल्या आहेत. ची साओमध्ये, म्हणजे हाताला हात चिकटवून करायच्या जोडीच्या सरावात, क्लासमधल्या धिप्पाड मुलांचे हातसुद्धा मी अडकवून ठेवते. गेल्या महिन्यात मावसभाऊ म्हणाला, ग्लव्हज घालून जरा खेळून बघू. तो जेमतेम सहा महिने बॉक्सिंग करतोय. मला त्याच्या हाताला हात लावताच आला नाही. त्याचा डावा ठोसा येई, कपाळाला टेकून परत जाई आणि मी आपली जागच्या जागी. शेवटी चिडून साखळी ठोसे (एकामागून एक सरळ ठोसे) मारत धावले, तर तो बाजूला सरकला आणि माझी मान त्याच्या काखेत. त्याने मला काही लागू दिलं नाही, पण रात्रभर झोप आली नाही. सिफूंना (गुरूंना) सांगितलं तर म्हणाले, आपली विद्या खेळासाठी नाही, आपले वार डोळ्यांवर आणि गळ्यावर असतात, ते ग्लव्हज घालून कसे दिसणार? ची साओ वाढव. मी तर वेळ आलीच तर स्वतःला वाचवता यावं म्हणून शिकायला आले होते. ही दोन वर्षं फुकट गेली का? दुसरं काही शिकू, की घरी लाकडी पुतळा आणून सराव वाढवू?
— अस्वस्थ विद्यार्थिनी

उत्तर: विंग चुन सोडू नका. पण आज जसं शिकताय तसंच पुढची दोन वर्षं शिकत राहिलात, तर पुन्हा हेच होईल, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते.

आधी त्या दिवशी काय झालं ते नीट पाहू. ची साओची सुरुवात कुठून होते? दोघांचे हात एकमेकांना लागलेले असतात तिथून. अंतर आधीच पार झालेलं असतं. तिथून पुढे तुम्ही कमावलेली गोष्ट खरी आहे. स्पर्शावरून मिळणारा प्रतिसाद डोळ्यांनी पाहून दिलेल्या प्रतिसादापेक्षा किंचित जलद असतो. समोरच्याच्या मनगटावरचा दाब कमी झाला की तुमचा हात विचार न करता पुढे सुटतो, ते म्हणूनच. पण मावसभावाने तुम्हाला तिथवर येऊच दिलं नाही. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, आणि जॅब म्हणजे जितक्या वेगाने गेला तितक्याच वेगाने परत येणारा ठोसा. जो हात समोर राहतच नाही त्याला चिकटायचं कसं? तुमचं जे कौशल्य आहे त्याच्या आधीचं एक पाऊल तुम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. दोन वर्षं फुकट गेलेली नाहीत, अभ्यासक्रमाचा पहिला धडा वगळला गेला आहे.

आता सिफूंच्या उत्तराबद्दल. त्यांच्याविषयी मला अनादर नाही, पण हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते इतक्या ठिकाणी इतक्या विश्वासाने दिलं जातं की त्यावर थोडं थांबायला हवं. डोळ्यावर बोट मारायचं म्हणजे काय करायचं? हलणाऱ्या, स्वतःही मारत असलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत आपला हात वेळेवर पोचवायचा. ज्या हाताला त्याच्या अख्ख्या कपाळावर हलकी थाप देता येत नाही, त्याला त्याच कपाळाखालचा इवलासा डोळा सापडणार नाही. लक्ष्य जितकं लहान, तितकी अंतर, वेळ आणि पाऊल यांची तयारी जास्त लागते. शिवाय जो वार कधीच पूर्ण मारता येत नाही त्याची खरी परीक्षाही कधीच होत नाही. ती सोय फार धोक्याची आहे, कारण तिच्या आधाराने वर्षानुवर्षं आपण तयार आहोत असं वाटत राहतं.

आणि विंग चुनचा स्वतःचा इतिहास या उत्तराच्या विरुद्ध आहे. चीनमधल्या फोशानहून आलेले विंग चुनचे गुरू इप मान यांनी १९५० च्या सुमारास हाँगकाँगमध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवायला सुरुवात केली. त्या वेळी विंग चुनला तिथे फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या दशकात तिचं नाव झालं ते 'बेइ मो' नावाच्या लढतींमुळे. वेगवेगळ्या शैलींची तरुण मुलं इमारतींच्या गच्च्यांवर किंवा बंद खोल्यांमध्ये एकमेकांना आजमावून बघायची. इप मान यांचे शिष्य वोंग शुन ल्युंग त्यातूनच पुढे आले. ते आधी बॉक्सिंग करत असत, आणि शिकलेलं दुसऱ्या शैलीच्या माणसावर तपासल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. ब्रूस लीला हाँगकाँगमध्ये घडवणाऱ्यांतही ते होते. त्या गच्च्यांवरच्या मारामाऱ्यांची नक्कल करा असं मी मुळीच म्हणत नाही. त्यात मुलं जबर जखमी होत. पण ही विद्या झटापटीतून घासून निघालेली आहे. झटापट तिच्या शानीला शोभत नाही, असं म्हणणाऱ्याने तिचा हा काळच वगळला आहे.

तेव्हा पहिलं काम: मावसभावालाच जोडीदार करा. तो तुमच्याशी नीट वागला, तुम्हाला लागू दिलं नाही, असा माणूस मिळणं सोपं नसतं. दोघांनी ग्लव्हज आणि माउथगार्ड घाला. तुम्ही डोक्याला हेडगार्डही घाला, पण एक लक्षात ठेवा: हेडगार्डमुळे खोक पडणं आणि खरचटणं वाचतं, मेंदूला बसणारा हिसका वाचत नाही. म्हणून डोक्यावरचे ठोसे हलकेच राहिले पाहिजेत, आणि नंतर डोकं दुखलं, गरगरलं किंवा मळमळलं तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

सुरुवातीला त्याने फक्त जॅब मारायचा, मनाला येईल त्या तालात. तुम्ही मारायचं नाहीच. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत एवढंच शोधायचं की तो कुठे उभा असला की त्याचा हात पोचतो आणि कुठून पोचत नाही. मागचा हात, तुमचा वू साओ, हनुवटीजवळ ठेवा आणि येणारा ठोसा त्या तळहातावर झेला. हात पुढे नेऊन ठोशाला भेटायला जाऊ नका. पाक साओची (तळहाताने ठोसा थापटून बाजूला सारायची) सवय असलेले सगळे ही चूक करतात, आणि मग खोट्या जॅबला हात गेला की खरा ठोसा तोंडावर येतो. ठोसे झेलताना डोळे मिटायचे थांबले की पुढचा टप्पा घ्या. जॅब परत जाताना त्याच्या मागोमाग आत शिरायचं. विंग चुनच्या परंपरेतलं सूत्र तुम्ही ऐकलंच असेल: आलेल्याला धरून ठेव, जाणाऱ्याला पोचवायला जा, हात सुटला की सरळ पुढे घुस. त्यातला 'पोचवायला जा' हा भाग क्लासमध्ये हाताने शिकवतात, पण खरं काम पावलाचं आहे. ठोसा मागे वळतो त्या क्षणी तुमचं पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडलं पाहिजे. पाऊल आधी, हात नंतर. हात टेकवायचा तो मनगटावर नाही, कोपराच्या जरा वर. मनगट धरलं तर कोपर वाकवून तो सहज सुटतो. दंड दाबला तर त्याचा खांदाच वळतो आणि दुसरा हात तुमच्यापासून लांब जातो. इथे आलात की तुम्ही तुमच्या घरात आलात. इथून पुढचं तुम्हाला येतं.

हे जमायला आठवडे लागतील. त्यानंतर त्याला मागच्या हाताचा सरळ ठोसा जोडू द्या, मग हुक. हुक तुम्हाला सगळ्यात जास्त छळेल. विंग चुनचा सगळा सराव मध्यरेषेवर, म्हणजे अंगाच्या मधल्या उभ्या रेषेवर, चालतो आणि हुक बाहेरून वळसा घेऊन येतो, नजरेच्या कडेने. तान साओने, म्हणजे तळवा वर करून पुढे नेलेल्या हाताने, तो थोपवायचा प्रयत्न क्लासमध्ये छान दिसतो, कारण तिथे मारणारा एक ठोसा मारून हात तसाच ठेवून उभा राहतो. प्रत्यक्षात कोपर उचलून हात डोक्याला लपेटा आणि पुढे पाऊल टाकून त्या वळशाच्या आत जा.

साखळी ठोशांबद्दलही बोलायला हवं. धावत जाऊन ठोशांची सरबत्ती केली की काय होतं? हनुवटी वर जाते, वजन उभं राहतं, दोन्ही हात पुढे असतात आणि मान उघडी. नेमकी तीच मावसभावाने धरली. शिवाय तिसऱ्या-चौथ्या ठोशापासून ताकद फक्त दंडातून येते, कंबर आणि पाय मागेच राहतात. दोन ठोसे मारा, आणि लगेच एक हात त्याच्या दंडावर किंवा मानेवर ठेवून तो कुठे चाललाय हे जाणून घ्या. हनुवटी खाली ठेवा. आणि सिउ निम ताउचा गुडघे आत वळवलेला पवित्रा लढताना घेऊन उभ्या राहू नका. तो मांड्या, कंबर आणि कणा एकत्र बांधायला शिकवतो, चालायला नाही.

मूठ वापरावी का, हाही प्रश्न आहे. विंग चुनची उभी मूठ बहुतेक ठिकाणी खालच्या तीन पेरांवर टेकवायला शिकवतात. उघड्या हाताने कुणाच्या डोक्यावर मारताना सगळ्यात जास्त मोडतं ते करंगळीच्या मुळाशी असलेलं तळहाताचं हाड, म्हणजे नेमकी तीच बाजू. समोरच्याने ऐनवेळी मान खाली घातली की तुमची मूठ त्याच्या कपाळावर आदळते, आणि कपाळाचं हाड मुठीपेक्षा कितीतरी दणकट. ग्लव्हजमध्ये हे कळत नाही. म्हणून चेहऱ्यावर तळहाताच्या टाचेने मारा. मूठ छाती-पोटासाठी ठेवा. जवळ आल्यावर कोपर आहेच, आणि तुमच्या अंगकाठीला कोपर सगळ्यात न्याय देतो.

आता ची साओ. ती मला मनापासून प्रिय आहे, आणि तिची आज जी अवस्था झालीय तिचं वाईट वाटतं. दोघं मिळून गोल गोल हात फिरवतात, दोघांनाही ताल माहीत असतो, आणि एकाने दुसऱ्याचा हात चतुराईने अडकवला की तो जिंकला. पण अडकवलेला हात म्हणजे काही मिळवणं नव्हे. हाताच्या मागे लागायचं नाही, अंगाकडे जायचं, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं असेल; ची साओच्या स्पर्धेत ते पहिल्यांदा विसरलं जातं. एक तपासणी करून बघा. जोडीदाराला सांगा, फिरवता फिरवता मध्येच, न सांगता, हात एकदम काढून घे. त्या क्षणी तुमचा हात कुठे गेला? सरळ त्याच्या छातीवर जाऊन थबकला, तर तुमचा दाब कोपरातून पुढे होता. वर उडाला किंवा बाजूला पडला, तर तुम्ही त्याचा हात ढकलत होतात, त्याच्याकडे जात नव्हतात. ही तपासणी दर आठवड्याला करा; सोपी आहे आणि खोटं बोलत नाही.

मग ची साओ बिघडवायला शिका. जोडीदाराने वाटेल तेव्हा मागे सरकून संपर्क तोडावा आणि आडवा हात फिरवत परत यावं. त्याने दोन्ही हातांनी तुमचं एक मनगट घट्ट धरावं. छातीवर जोरात रेटावं. तुमची पाठ भिंतीला लावून सुरुवात करावी. कपडा धरून ओढावं. असल्या रेट्यात बोंग साओ (कोपर उचलून धरलेला हात) कोसळतो कधी आणि टिकतो कधी हे अंगाला कळतं: कोपर मनगटाच्या वर आणि पुढे राहिला, आणि त्याबरोबर पाऊल वळलं, तर रेटा बाजूने निघून जातो, उभ्या जागी नुसता हात उचलला तर तुमचाच हात तुमच्या तोंडावर येतो. एखाद्या संध्याकाळी याच एका गोष्टीवर घाम गाळलात तरी ती संध्याकाळ सार्थकी लागेल.

हे मी आवर्जून सांगते, कारण तुमचा हेतू रिंगचा नाही. मावसभावाशी झालं ते ठरवून, दोन हातांच्या अंतरावरून सुरू झालं. खरा हल्ला पुष्कळदा बोलण्याच्या अंतरावरून सुरू होतो. कुणीतरी जवळ येतं, दंड धरतं, भिंतीकडे ढकलतं, मग मारतं. ते अंतर विंग चुनचं आहे. तुमची स्पर्शाची जाण तिथे उपयोगी पडू शकते, पण ती जाण शिस्तीत हात फिरवून तयार झालेली असेल, तर पहिल्याच धसमुसळ्या हिसक्यात गळून पडेल. त्या अंतरावर उभं कसं राहायचं तेही शिका: तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, जणू समजूत घालताय असे. हात आधीच मध्यरेषेवर असतात आणि बघणाऱ्याला ते भांडण वाटत नाही. तिथून पाक साओ, तळहाताचा वार आणि पळ. दरवाजा कुठे आहे हे हात उचलण्याआधी पाहून ठेवायचं. मोठ्याने ओरडणं हेही सरावात घ्या. घशातून आवाजच फुटत नाही असं पुष्कळ जणींचं होतं, आणि ते सरावाने सुटतं. समोरच्याच्या हातात सुरी असेल तर तुमच्याकडून फक्त अंतर आणि पळणं अपेक्षित आहे. जे मागतोय ते देऊन टाका. कुणी दोन दिवसांत सुरी हिसकावणं शिकवतो म्हणाला तर तिकडे फिरकूही नका.

अंगकाठीचा मुद्दा टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. या विद्येची दंतकथा तुम्हाला माहीत आहे: भिक्षुणी न्ग मुई आणि तिची शिष्या यिम विंग चुन, जिने लग्नासाठी मागे लागलेल्या गुंडाला हरवलं. कथा मलाही आवडते, पण ती इतिहास म्हणून वापरू नका. वजनाने फरक पडतो. लढतीच्या खेळांत वजनगट उगीच ठेवलेले नाहीत. नेमकं तंत्र, चांगला दम आणि आधी हललेलं पाऊल यांनी तो फरक कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून ताकद वाढवा. पायांचा आणि पाठीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा करा. बळ नको, मऊपणा हवा, असं सांगून व्यायाम टाळणारे क्लास विद्यार्थ्यांचं नुकसान करतात. आणि दमाचं म्हणाल तर ब्रूस लीचंच उदाहरण घ्या. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडला कुंग फूवाले वोंग जॅक मान यांच्याबरोबर त्याची जी लढत झाली तिच्या निकालावर आजही वाद आहे, पण ती लांबल्यावर आपला दम पुरला नाही आणि अडचण झाली हे ब्रूस लीला जाणवलं. त्यानंतर त्याने आपला सरावच बदलला आणि १९६७ मध्ये स्वतःच्या पद्धतीसाठी जीत कुन डो हे नाव पुढे आणलं. विंग चुनचा तळ भक्कम असलेल्या माणसालाही बाहेरून गोष्टी घ्याव्या लागल्या, यात विंग चुनचा अपमान नाही.

तुम्हीही घ्या. सगळं सोडून दुसरीकडे जायची गरज नाही, पण मान काखेत अडकली तर काय करायचं, मिठीत घेऊन कुणी उचललं तर वजन खाली कसं टाकायचं, पडल्यावर सुखरूप उठायचं कसं, हे विंग चुनच्या तिन्ही मालिकांत पुरेसं नाही. ज्युडो, कुस्ती किंवा ब्राझिलियन जिउ-जित्सू, जवळ जे चांगलं शिकवतात ते काही महिने करा. ध्येय एकच: उठून उभं राहणं.

लाकडी पुतळा आत्ता घेऊ नका. इप मान यांच्या परंपरेत त्याच्या ११६ हालचाली मोजतात, आणि कोन, कोपराची जागा, पाऊल व हात एका वेळी पडणं यासाठी तो फार सुंदर गुरू आहे. पण तो मागे सरकत नाही, फसवत नाही आणि उलट मारत नाही, आणि तुम्हाला आज नेमकं तेच हवं आहे. त्या पैशांत चांगले ग्लव्हज, दातांच्या मापाचं माउथगार्ड आणि फोकस पॅड (जोडीदाराने हातात घालून ठोसे झेलायच्या गाद्या) येतील.

सिफूंशी मात्र एकदा बोलाच. वादासाठी नाही. दहा मिनिटं मागा: क्लास संपल्यावर, जी तयार असतील त्यांच्यापुरती, ग्लव्हज घालून हलकी झटापट. 'सर, मला तुमचीच विद्या जवळच्या अंतरावर नेऊन बघायची आहे,' असं म्हणालात तर पुष्कळ शिक्षक आनंदाने उभे राहतात. त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. ते स्वतः झटापट करोत न करोत, पण तुम्हाला करू देतात का, दुसऱ्या शैलीचा माणूस पाहुणा म्हणून चालतो का, आणि एखादी गोष्ट चालली नाही तर 'ती का चालली नाही ते बघू' असं म्हणतात का, यावरून ठरवा. नकार मिळाला, किंवा शंका विचारणं हाच अपराध ठरला, तर मालिका आणि ची साओसाठी त्यांच्याकडे जात राहा, बाकीचा सराव बाहेर करा. आणि बाहेर करण्यावरच बंदी आली, तर त्यांना नमस्कार करून दुसरा क्लास शोधा.